चप्पल पायातून निसटते, तेव्हा

केमोचे दोन-तीन डोस झालेला माणूस ओसरीवरून उतरतो, अंगण ओलांडून गोठ्यापर्यंत जातो आणि मागून नातू ओरडतो, ‘आबा, तुमची एक चप्पल इथंच राहिली!’ आबा खाली बघतात तेव्हा त्यांना कळतं की एक पाय अनवाणी आहे. घरातले हसतात. आजारपणानं आबा विसराळू झाले, असं म्हणून विषय संपतो. पण आबा विसरलेले नसतात. तळपायाकडून मेंदूकडे जाणारा निरोपच पोचेनासा झालेला असतो.

लिम्फोमावर, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘गाठींचा कॅन्सर’ म्हणतात त्यावर, उपचार घेणाऱ्यांमध्ये हे पुष्कळदा दिसतं. सांगण्याची तऱ्हा मात्र प्रत्येकाची निराळी. कोणी म्हणतं पाय बहिरे झाले, कोणी म्हणतं मुंग्या जातच नाहीत, कोणाला कापसाच्या गंजीवर चालल्यासारखं वाटतं, तर कोणाच्या बोटांची मिरची कांडल्यासारखी आग होते. आग होणारा माणूस निदान बोलतो तरी. ज्याचं काहीच दुखत नाही, तो गप्प राहतो. आपल्या मानोऱ्याहून नागपूरला जायचं म्हणजे पहाटे निघून रात्री परतायचं. एवढ्या प्रवासानंतर डॉक्टर विचारतात, ‘काही त्रास?’ आणि आपण म्हणतो, ‘नाही, बरं आहे.’ मनात आणखी एक धाकधूक असतेच, की सांगितलं तर डोस बंद करतील. हा लेख मुख्यतः या गप्प बसणाऱ्यांसाठी आहे.

नसांवर हा घाला बहुतेकदा कोण घालतं, ते ऐकून नवल वाटेल. आपल्या अंगणातली सदाफुली. तिच्यातून काढलेल्या विन्क्रिस्टीन या औषधाला अमेरिकेत १९६३ साली मान्यता मिळाली. त्याच्या काही वर्षं आधी, १९५८ मध्ये, कॅनडातल्या रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांना याच झाडात विनब्लास्टिन सापडलं होतं. गंमत अशी की या झाडाकडे लक्ष गेलं ते साखरेच्या आजारावरचा झाडपाला म्हणून. साखर काही उतरली नाही, उंदरांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेवढ्या उतरल्या. आजही आपल्याकडे ‘शुगर’साठी सदाफुलीची पानं चावणारे आहेत. केमो चालू असताना हे अजिबात करू नका. सलाइनमधून मोजून जाणारं औषध वेगळं आणि पानातून किती जातंय याचा हिशेब नसलेला पाला वेगळा.

औषध करतं काय? पेशीला दोन व्हायचं असेल, तर आत बारीक नळ्यांचा सांगाडा उभारावा लागतो. विन्क्रिस्टीन तो सांगाडा उभाच राहू देत नाही, म्हणून कॅन्सरची पेशी मरते. पण तशाच नळ्या नसेतही असतात, आणि तिथे त्यांचं काम मालवाहतुकीचं. कमरेपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत गेलेली नस हाताएवढ्या अंतराची नाही, जवळजवळ मीटरभर लांब असते. तिच्या टोकाला लागणारा सगळा माल मणक्याजवळच्या मुळापासून याच नळ्यांवरून जातो. वाट बिघडली की सर्वांत दूरचं गाव आधी उपाशी राहतं. म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते, मग हाताची बोटं, आणि दोन्ही बाजूंना सारखीच. मोजे आणि हातमोजे जिथे बसतात तेवढाच भाग.

तुमच्या फाइलमध्ये ‘आर-चॉप’ किंवा ‘चॉप’ असं लिहिलेलं असेल, तर त्यातला ‘ओ’ म्हणजे ऑन्कोविन, विन्क्रिस्टीनचंच एक व्यापारी नाव. सहसा दर २१ दिवसांनी एक असे सहा डोस देतात. नसांना जपण्यासाठी एका वेळी २ मिलिग्रॅमच्या वर न जाण्याची पद्धत आहे. हॉजकिनच्या लिम्फोमात दिलं जाणारं विनब्लास्टिन नसांना त्यामानानं कमी त्रास देतं. आजार उलटल्यावर द्यावी लागणारी ब्रेन्टुक्सिमॅब, बोर्टेझोमिब, सिसप्लॅटिन ही औषधं मात्र जास्त. आपल्याला यातलं कोणतं चालू आहे, ते नाव फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. गावातल्या डॉक्टरांना आणि मेडिकलवाल्यालाही ते दिसलं पाहिजे.

मेडिकलवाल्याचं नाव मुद्दाम घेतलं. पावसाळ्यात आपल्याकडे जांघेत, काखेत, कमरेला गजकर्ण उठतं आणि दुकानातून इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल परस्पर घेतल्या जातात. ही बुरशीची गोळी यकृतातलं विन्क्रिस्टीनचं विघटन अडवते. औषध अंगात साचतं आणि नसांचं नुकसान अनेक पटींनी वाढतं. क्वचित आतडं ठप्प होण्यापर्यंत वेळ येते. व्होरिकोनाझोल, पोसाकोनाझोल यांचंही तेच. गजकर्णासाठी डॉक्टर सुचवतील ते लावायचं मलम वापरा. पोटात घ्यायच्या गोळीसाठी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन केल्याशिवाय पुढे जाऊ नका. या सगळ्या लेखातली एकच गोष्ट शेजाऱ्याला सांगायची असेल, तर ही सांगा.

पोटाचा विषय निघालाच आहे तर तोही उरकू. आतड्यांनाही नसा असतात. डोसनंतर तीन-चार दिवस शौचाला न होणं ही नसांचीच तक्रार आहे, फक्त ती पोटातून येते. मल मऊ करणारं औषध डोसच्या दिवसापासूनच मागून घ्या. घरच्या घरी एरंडेल किंवा एनिमा नको. पोट फुगलं, वारा सरेना, उलट्या सुरू झाल्या, तर तडक दवाखाना. जबडा दुखणं आणि आवाज बसणं हेदेखील याच औषधाचं असू शकतं. दाताच्या डॉक्टरकडे जाऊन दाढ काढून येऊ नका.

बधिरपणा दिसला की सगळा दोष केमोवर ढकलू नये, कारण केमोसोबत दुसरेही चोर शिरतात. डोसबरोबर पाच दिवस मिळणाऱ्या स्टेरॉइडनं साखर वाढते आणि वाढलेली साखर नसा पोखरते. निव्वळ शाकाहारी माणसात बी-१२ अनेकदा आधीच कमी असतं. दारूचंही कर्ज नसांवर असतं. घराण्यात कोणाचे पाय कमानीसारखे उंच, पोटऱ्या काटकुळ्या आणि चालताना पाऊल आपटत असेल, तर पहिल्या डोसच्या आधीच सांगा. आनुवंशिक नसविकार असलेल्या माणसाला विन्क्रिस्टीनचा एखादा डोसही लुळं करू शकतो. शिवाय फिकट किंवा लालसर चट्टा असून फक्त तेवढीच जागा बधिर असेल, तर ते केमोचं लक्षण नाही, तो कुष्ठरोग असू शकतो. ग्रामीण रुग्णालयात तपासणी होते, औषध फुकट मिळतं आणि रोग पूर्ण बरा होतो. उलट बाजूही सांगतो. तांड्यावर किंवा गावात केमोच्या रुग्णाचा पाय बधिर झाला म्हणून ‘महारोग’ म्हणत त्याची भांडी वेगळी ठेवल्याचं दिसलं, तर गप्प बसू नका. केमोचा बधिरपणा कुणाला लागत नाही.

एका बाजूला पट्ट्यासारखे पाणीदार फोड आले आणि आग सुरू झाली, तर ती नागीण. गेरू लावण्यात आणि उतरवून घेण्यात दिवस घालवले, तर औषधाची वेळ निघून जाते. विषाणूवरच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्यात. उशीर झाला तर फोड वाळतात, पण त्या जागेचं ठसठसणं महिनोन्‌महिने राहू शकतं.

आणि एक प्रसंग असा, की ज्यात सकाळची वाट बघायची नाही. लिम्फोमाची गाठ मणक्याच्या आत वाढून मज्जारज्जू दाबू शकते. पाठीत किंवा कमरेत नवं, रात्री आडवं पडल्यावर वाढणारं दुखणं, दोन्ही पायांतली ताकद दिवसागणिक जाणं, पोटाच्या किंवा कमरेच्या एका रेषेखाली सगळंच बधिर होणं, बसायची जागा बधिर होणं, लघवी अडणं किंवा नकळत होणं: यातलं काहीही झालं तर त्याच रात्री गाडी काढा. एमआरआय आणि कॅन्सरवरचे उपचार जिथे होतात तिथे जा, आणि निघताना त्यांना फोन करून लिम्फोमाचा रुग्ण आहे हे सांगा. पाय पूर्ण जाण्याआधी उपचार झाले तर माणूस पुन्हा चालू शकतो. एकाच बाजूचा हातपाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं यालाही हाच नियम.

आता डॉक्टरांना सांगायचं कसं. ‘मुंग्या येतात’ एवढ्यानं भागत नाही, कारण मुंग्या सगळ्यांनाच येतात. कामाच्या भाषेत सांगा. सदऱ्याचं बटण लागतं का? नोटा मोजताना दोन एकदम जातात का? सुईत दोरा ओवता येतो का? वखरामागे चालताना ढेकूळ पायाला कळतं का? डॉक्टर त्रासाच्या पायऱ्या अशाच लावतात: नुसती जाणीव बदलली, बाहेरची कामं अडू लागली, की स्वतःचं अंग धुणं, जेवणं, कपडे घालणंच अडलं. दुसरी पायरी आली की औषधाची मात्रा कमी करायची का याचा विचार सुरू होतो आणि तिसऱ्या पायरीला बहुधा ते औषध थांबवतात. इथे भीती वाटते, पण चॉपमधली बाकीची औषधं तशीच चालू राहतात. वेळेवर कळलं तर डॉक्टरांच्या हातात मात्रा घटवण्याचा मार्ग असतो. पाऊल लोंबकळायला लागल्यावर कळलं तर तो उरत नाही.

घरी आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, तीन गोष्टी बघा. भिंतीजवळ उभं राहून टाचांवर चार पावलं चालता येतं का. डोळे मिटल्यावर घरातल्या कोणी कापसाची वात पायाच्या बोटांना लावली तर कोणत्या बोटाला लावली ते सांगता येतं का. आणि दोन्ही पाय जुळवून उभं राहून डोळे मिटले तर झोक जातो का; याला बाजूला धरणारा माणूस हवाच. कॅलेंडरच्या त्या तारखेवर ‘हो’ किंवा ‘नाही’ लिहा आणि पुढच्या फेरीला ते पान फाडून न्या. मोठ्या दवाखान्यात डॉक्टर घोट्यावर रबरी हातोडी मारतात, कंप पावणारा चिमटा हाडाला लावतात, गरज पडली तर नसांचा विद्युत तपास करतात. पण दोन फेऱ्यांच्या मधलं फक्त तुमचं कॅलेंडरच सांगू शकतं.

बधिर पाय सांभाळायचे कसे, हे शिकायला विदर्भाला परदेशात जायची गरज नाही. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाणांनी १९३६ मध्ये, अमरावतीजवळ तपोवनात शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये आणि वरोऱ्याजवळ आनंदवनात बाबा आमट्यांनी १९४९ मध्ये कुष्ठरोग्यांसाठी काम उभं केलं. त्याच काळात वेल्लोरला पॉल ब्रँड या शल्यचिकित्सकानं दाखवून दिलं, की कुष्ठरोगात बोटं आपोआप गळून पडत नाहीत. बधिर हातापायांना झालेल्या, न कळलेल्या जखमांनी ती जातात. रात्री झोपेत उंदीर बोट कुरतडतात आणि रुग्णाला सकाळी रक्त दिसल्यावर कळतं, हे लक्षात आल्यावर त्यांनी रुग्णांना मांजरं पाळायला लावली होती. सोयाबीन, तुरीची पोती घरात असणाऱ्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेऊ नये. जेवल्यावर हात साबणानं धुवा, मच्छरदाणी गादीखाली खोचून झोपा.

कुष्ठरोग्यांना शिकवलेला तो रोजचा पाठ लिम्फोमाच्या रुग्णालाही जसाच्या तसा लागू पडतो. संध्याकाळी दहा-पंधरा मिनिटं पाय साध्या पाण्यात ठेवा. बेचक्या कोरड्या पुसा आणि बाकी पाऊल ओलसर असतानाच खोबरेल किंवा तिळाचं तेल जिरवा. मग उजेडात तळवा बघा. स्वतःला वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. बाभळीचा काटा, सराटा, तुरीच्या खुंटाचा खोंबारा, चपलेत घुसलेला खडा: दिवसभरात काय काय लागलं ते पायानं सांगितलेलं नसतं, डोळ्यानंच शोधायचं. टाचेची भेग, कुरूप ब्लेडनं कापू नका. पांढऱ्या पेशी कमी असताना एवढीशी जखम फार महागात पडते. जखमेसोबत १००.४ फॅरनहाइटच्या वर ताप आला, तर घरी पॅरासिटामॉल घेऊन झोपायचं नाही, दवाखाना गाठायचा.

अंगठ्यात अडकवायची स्लिपर घराबाहेर पाठवा. ती धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात, आणि तेच तर जमत नाही. मागे पट्टा असलेला, मऊ एमसीआर रबराच्या तळाचा सँडल घ्या. मधुमेहींची पादत्राणं विकणाऱ्यांकडे तो मिळतो. घालण्याआधी उलटा करून झटका. नवा सँडल पहिल्या दिवशी तासभरच, मग काढून लाल डाग पडलेत का ते बघा. तंग जोडवी, वाळे उपचार होईपर्यंत उतरवलेली बरी. याला कोणी अपशकुन म्हणत असेल तर डॉक्टरांचं नाव पुढे करा.

बायकांचे हात चुलीपाशी भाजतात आणि कळतं ते वास आल्यावर. भाकर बोटांनी उलटायची सवय कितीही मुरलेली असली तरी आता उलथणं आणि सांडशी. अंघोळीचं पाणी हातानं किंवा पायानं बघू नका, घरातल्या दुसऱ्याला बघायला लावा, नाहीतर कोपरानं बघा; कोपरापर्यंत बधिरपणा सहसा आलेला नसतो. थंडीत शेकोटीला पाय लावून बसणं, विटेचा शेक, गरम पाण्याची पिशवी बंद. बिब्बा तर मुळीच नको आणि डाग देऊन घेणंही नको. बधिर कातडीला चटका किती बसला ते कळत नाही, मग उपाय करणाऱ्याचा हात थांबत नाही.

पाय कुठे पडतोय हे न कळणाऱ्या माणसाचं काम डोळे करतात. म्हणून दिवसा बरा चालणारा माणूस रात्री वीज गेल्यावर पडतो आणि न्हाणीत तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोकांडतो. बॅटरी उशाशी असू द्या. न्हाणीत स्टूलवर बसून अंघोळ करा आणि शौचालयात उठता-बसता धरायला भिंतीत लोखंडी पाइप बसवून घ्या. गवंड्याचं अर्ध्या दिवसाचं काम आहे, उद्यावर टाकू नका. उठताना चक्कर येत असेल तर आधी खाटेच्या कडेला थोडं बसा. ब्रेकवर पाय आहे की नाही हे बघावं लागत असेल, तर मोटारसायकल आणि ट्रॅक्टरची किल्ली मुलाकडे द्या. हा सल्ला पुरुषांना सगळ्यात जास्त झोंबतो, ठाऊक आहे.

औषधांबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. गेलेली जाणीव परत आणणारी गोळी आज नाही. आग आणि ठणका कमी करायला ड्युलोक्सेटिनचा पुरावा त्यातल्या त्यात बरा आहे, पण ते यकृताचा आजार पाहून आणि इतर गोळ्या पाहूनच दिलं जातं. प्रीगाबालिन, गॅबापेन्टिनही देतात; त्यानं झापड येते, आणि आधीच लटपटणारा माणूस पडतो, म्हणून पहिले काही दिवस सोबत हवी. ‘नसांच्या ताकदीच्या’ रंगीत कॅप्सूल मात्र परस्पर आणू नका. त्यातल्या काहींत असणाऱ्या ॲसेटिल-एल-कार्निटिननं केमो घेणाऱ्या स्त्रियांमधला नसांचा त्रास उलट वाढल्याचं एका मोठ्या चाचणीत दिसलं होतं. बी-६ हे जीवनसत्त्वही जास्त झालं तर स्वतःच नसा बिघडवतं. बी-१२ रक्तात कमी आढळलं तर जरूर घ्या, तपासून.

गोळीपेक्षा जास्त आशा व्यायामात आहे, आणि त्याला पैसे लागत नाहीत. जर्मनीत फियोना स्ट्रेकमन यांच्या चमूनं ६१ लिम्फोमा रुग्णांपैकी एका गटाकडून ३६ आठवडे, आठवड्यातून दोनदा, तोल सांभाळण्याचे आणि इतर व्यायाम करून घेतले होते. त्यांचा तोल आणि जाणीव दोन्ही सुधारलं. पुढे २०२४ मध्ये याच चमूची १५८ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. त्यांना विन्क्रिस्टीनच्या कुळातली औषधं किंवा ऑक्झालिप्लॅटिन चालू होतं. नेहमीचेच उपचार घेणाऱ्या दहांपैकी सातांना नसांचा त्रास झाला, केमोच्या जोडीनं तोलाचा व्यायाम करणाऱ्यांत दहांपैकी तिघांना. म्हणजे मुंग्या येईपर्यंत थांबू नये, पहिल्या डोसपासूनच सुरू करावं. ओट्याला किंवा खिडकीच्या गजाला धरून एका पायावर वीस सेकंद. मग दोन बोटांच्या आधारानं. मग पायाखाली घडी घातलेली गोधडी. टाचेला अंगठा लावत भिंतीकडेनं चालणं. हातांसाठी एका ताटात तूर, हरभरा आणि गहू मिसळून डोळे मिटून वेगळे करणं. घरातली लहान मुलं या खेळाला आनंदानं बसतात. ताप असेल किंवा प्लेटलेट फार कमी असतील तर त्या दिवशी सुट्टी. पाऊल लोंबत असेल तर फिजिओथेरपिस्ट पट्टी देतात, तिनं अडखळून पडणं थांबतं.

खर्चाचं आणि फेऱ्यांचं म्हणाल, तर कॅन्सरचे उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतात. चौकशीचा क्रमांक १५५३८८. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधार आणि शिधापत्रिका दाखवायची. एसटीत कर्करुग्णांना सवलत आहे, त्यासाठीचा दाखला पहिल्याच फेरीत मागून घ्या. प्रत्येक वेळी नागपूर गाठायची गरज नसते. साखर, बी-१२, पायाची जखम, मलमपट्टी ही कामं मानोऱ्यात, नाहीतर दिग्रस-दारव्हामार्गे यवतमाळला किंवा कारंज्यावरून अमरावतीला होऊ शकतात. फक्त प्रत्येक ठिकाणी ती फाइल सोबत हवी.

केमो संपली की दुसऱ्या दिवशी मुंग्या जात नाहीत. उलट शेवटच्या डोसनंतर काही आठवडे त्या वाढूही शकतात, सिसप्लॅटिन झालं असेल तर काही महिने. आजार उलटला की काय, या शंकेनं लोक इथेच घाबरतात. नस वाढते ती दिवसाला साधारण एक मिलिमीटर. विन्क्रिस्टीनचा त्रास बहुतेकांचा काही महिन्यांत उतरतो, काहींच्या अंगठ्यात थोडा बधिरपणा कायम राहतो. पाय पाहायचा रोजचा पाठ तोवर सोडायचा नाही.

आणि याच सुमारास नवस आठवतो. बरा झालो तर अनवाणी पोहरादेवीला जाईन, असं कोणीतरी बोललेलं असतं. यात्रा रामनवमीची, म्हणजे चैत्रातलं ऊन, तापलेलं डांबर. चांगल्या पायांना फोड येतात तिथे बधिर पाय सोलून निघतो आणि रात्री पाय धुताना तळव्याची कातडी हातात येते. जायचं तर जा. पहाटे निघा, पट्ट्याचा सँडल मंदिराच्या दारापर्यंत पायात ठेवा, आत फरशीवर जाताना जाड सुती मोजे घाला, आणि घरी आल्यावर दिव्याखाली तळवे बघायला सोबत आलेल्यांपैकी एकाला बसवा.